सत्र संपताना

हे परमेश्वरा,

जाम नदीच्या काठी, सावरगावात, शाळेचं सत्र संपत आलं आहे. शिवारातला पळस फुलून झडायला लागला. गहू-हरभरा घरी आला, मृग बहाराची संत्री पेट्यांत भरून नागपूरच्या बाजाराकडे निघाली. वर्गांच्या भिंतींवर मुलांनी चिकटवलेले तक्ते अजून आहेत आणि आम्ही फळ्याशी उभं राहून वर्षाच्या शेवटच्या सूचना लिहायला घेतल्या आहेत. निकाल कधी, पुस्तकं कधी, दाखला कुणी न्यायचा, सुट्ट्या केव्हापासून, नवे प्रवेश कसे. या सूचना घरोघर जाण्याआधी तुझ्या कानावर घालाव्यात, असं मनात आलं. म्हणून शिक्षक, मायबाप, शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या ताई आणि ही सगळी लेकरं, असे आम्ही सारे तुझ्यापुढे उभे आहोत.

आमच्यातलं कुणी तुला विठ्ठल म्हणतं. कुणी जामसावळीच्या निजलेल्या मारुतीपुढे नारळ फोडतं, कुणी चंडिकामातेची ओटी भरतं. गोंड मायबाप बडादेवाला हाक मारतात, कुणी नमाजात तुझ्यापुढे वाकतं, कुणी बुद्धवंदना म्हणून मन स्थिर करतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या मुलखाला सामुदायिक प्रार्थनेची सवय लावली आणि सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलं. शाळेच्या पटावर ही सगळी घरं एकाखाली एक लिहिलेली आहेत. त्या पटावरच्या प्रत्येक नावासाठी आमचं मागणं एकच आहे: या वर्षातून पुढच्या वर्षात जाताना एकही लेकरू वाटेत गळू देऊ नकोस.

आधी तुझे उपकार मानतो.

जूनच्या सोळा तारखेला शाळा उघडली, तेव्हा पहिलीची पोरं आईचा पदर सोडत नव्हती. आज तीच पोरं घंटा झाली तरी घरी जायला तयार नसतात. हे तू घडवलंस. जुलैत ज्यांना 'क' आणि 'फ' यांतला फरक कळत नव्हता, ती आता बसस्टँडवरच्या पाट्या वाचतात, किराण्याच्या पुडीचा कागद उलगडून वाचतात, बापाच्या मोबाइलवर आलेला बँकेचा निरोप वाचून दाखवतात. देशभर २०२१ साली निपुण भारत अभियान सुरू झालं आणि आपल्या मध्य प्रदेशात ते 'मिशन अंकुर' म्हणून वर्गात आलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशेब करता यावा, एवढंच त्याचं मागणं. एवढंच म्हणतो खरं, पण समजून वाचणाऱ्या लेकराला पुढे कुणी सहज फसवू शकत नाही. ज्यांना हे आलं, त्यांच्यासाठी तुझे आभार. ज्यांना अजून आलं नाही, त्यांच्यासाठी आम्हाला आणखी धीर दे.

रोजच्या जेवणासाठी तुझे आभार. सरकारी हिशेबात प्राथमिकच्या एका मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम धान्य धरलेलं असतं, आणि त्या ताटातून त्याला साडेचारशे कॅलरी व बारा ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असा नियम आहे. हा आकडा पाळण्यासाठी बचत गटाच्या ताई सकाळी चूल पेटवतात, डाळ निवडतात, कणीक मळतात. मंगळवारी खीर-पुरी असते म्हणून मंगळवारी हजेरी वाढते, हे आमच्या शाळेतलं शेंबडं पोरही सांगेल. काही घरांत सकाळी चूल पेटत नाही, मायबाप पहाटेच संत्र्याच्या तोडीला नाहीतर कापसाच्या वेचणीला गेलेले असतात. त्या घरचं लेकरू दुपारी आमच्या ओसरीवर पोटभर जेवतं. देवा, त्या ताईंच्या हातांना यश दे, त्यांचं मानधन त्यांना वेळेवर मिळू दे, आणि त्यांना 'रसोइया' म्हणून हाक मारणाऱ्यांच्या तोंडी आदर येऊ दे.

आता सूचना ऐक.

पहिली सूचना निकालाची. पहिली ते चौथीचा निकाल शाळाच लावते. पाचवीचा मात्र भोपाळच्या राज्य शिक्षा केंद्राकडून येतो. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पाचवी आणि आठवीला पुन्हा बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा सुरू झाली. २०२२-२३ च्या सत्रात राज्यात पाचवीची शंभरातली सुमारे ब्याऐंशी मुलं उत्तीर्ण झाली. पुढच्या वर्षांत निकाल सुधारला, याचा आनंद आहे. पण देवा, आमचं मन त्या उरलेल्यांपाशी घुटमळतं. दहा-अकरा वर्षांचं पोर, पहिल्यांदा छापील प्रश्नपत्रिका हातात घेतलेलं, तेहेतीस टक्क्यांच्या रेषेच्या अलीकडे राहिलं. घरी गेल्यावर त्याच्याशी कोण कसं बोलेल, हे आमच्या हाती नसतं. ते तू तुझ्या हाती घे.

निकालाच्या दिवशी कुठल्याही बापाचा हात उठू देऊ नकोस. कुठल्याही मायच्या तोंडून 'तुझ्यानं काही होणार नाही' हे शब्द निघू देऊ नकोस. काकाच्या पोराचे गुण, शेजारच्या पोरीचे गुण त्या दिवशी जेवणाच्या ताटापाशी निघू देऊ नकोस. कायदा सांगतो की राहिलेल्या मुलाला निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी मिळाली पाहिजे, आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईतो कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. कायद्यात हे लिहिलं, ते चांगलं झालं. पण फेरपरीक्षा ऐन उन्हाळ्यात येते. मायबाप कामाच्या शोधात गेलेले असतात, लेकरू मामाच्या गावी असतं, आणि परीक्षेची तारीख शाळेच्या दारावर चिकटवलेल्या कागदावरच राहते. तो कागद त्या मुलापर्यंत पोहोचू दे. त्याला बसवून शिकवायला सुट्टीतले सकाळचे दोन तास देणारं कुणीतरी या गावात उभं कर. कुणी पुढे आलं नाही, तर आमच्यातल्याच कुणाच्या मनात ते घाल.

आणि जी मुलं पहिली आली, त्यांनाही सांभाळ. त्यांच्या डोक्यात यश जाऊ देऊ नकोस आणि त्यांच्यावर पुढच्या वर्षीच्या अपेक्षांचं ओझं चढू देऊ नकोस. पहिल्या नंबराची पोरगी शेवटच्या नंबराच्या पोरीबरोबरच लंगडी खेळत राहू दे.

दुसरी सूचना पुस्तकांची आणि भाषेची. पहिली ते आठवीची पुस्तकं शासन फुकट देतं. जुनी पुस्तकं नीट ठेवा, लहान भावंडांना सरावाला लागतील, असं आम्ही पालकांना सांगणार आहोत. पण पुस्तकाचं पान उघडलं की आमच्या सीमेवरच्या लेकरांची एक जुनी गोष्टही उघडते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, तोवर राजधानी असलेलं नागपूरही गेलं, आणि सौंसर-पांढुर्ण्याची मराठी घरं छिंदवाडा जिल्ह्यासह मध्य प्रदेशात राहिली. रेषा कागदावर आखली गेली. नातीगोती नरखेड, काटोल, वरुड, सावनेरकडे तशीच राहिली. आजही एकाच आजीची दोन नातवंडं दोन राज्यांत शिकतात. इकडचं मार्चअखेर वरच्या वर्गात जातं आणि एप्रिलच्या पहिल्या तारखेला नव्या वर्गात बसतं. तिकडचं १ मेच्या महाराष्ट्र दिनाला निकाल घेऊन येतं.

त्याच १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात ३५०-क हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण त्यांच्या मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असं त्यात म्हटलं आहे. रेषा आखणाऱ्यांना रेषेच्या पलीकडे राहणाऱ्या लेकरांची आठवण राहिली, याबद्दल देवा, तुझे आभार. घरी 'माय, भूक लागली' म्हणणारं पोर शाळेत 'मैडमजी, पानी पीने जाऊँ?' म्हणून विचारतं, आणि त्याला दोन्ही सहज येतं. ही त्याची श्रीमंती आहे. या श्रीमंतीची त्याला कधी लाज वाटू देऊ नकोस. भोपाळच्या माणसाशी बोलताना मराठी लपवावीशी वाटू नये, आणि नागपूरच्या भावंडांत गेल्यावर आपल्या मराठीत मिसळलेली हिंदी ऐकून कुणी हसलं, तरी त्याची मान खाली जाऊ नये. डोंगरातल्या गोंड वस्तीवरून येणारं लेकरू तर तिसरीच भाषा घेऊन येतं. पहिलीच्या वर्गात ते गप्प बसतं, तेव्हा ते मठ्ठ आहे असं समजणाऱ्या आमच्या घाईला आवर. त्याच्या आईशी तिच्या गोंडीतले चार शब्द बोलता यावेत, एवढं शिकण्याची बुद्धी आम्हाला दे.

तिसरी सूचना दाखल्याची. देवा, इथे आम्हाला तुझ्यापाशी जरा जास्त वेळ थांबायचं आहे.

पाचवी झालेल्या मुलांनी अंकसूची आणि टीसी घेऊन सहावीत नाव घालावं, अशी ही सूचना फळ्यावर दोन ओळींत मावते. पण या दोन ओळींच्या मधल्या जागेत लेकरं हरवतात. ज्या शाळेत पाचवीपर्यंतच वर्ग आहेत, तिथलं लेकरू सुट्टी लागताना आमच्या दाखिल-खारिज रजिस्टरमधून खारिज होतं. पुढच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये ते दाखल झालं की नाही, हे पाहायला मधे कुणीच उभं नसतं. आम्ही म्हणतो गेलं, तिकडचे म्हणतात आलंच नाही. मधल्या काळात ते पोर बकऱ्यांमागे असतं, संत्र्याच्या बागेत पेट्या उचलत असतं, किंवा धाकट्या भावाला कडेवर घेऊन उंबऱ्यावर बसलेलं असतं. बहुतेक वेळा ती पोरगी असते.

ती का थांबते, हे तुला माहीत आहे. सहावीची शाळा लांब असते. बाप म्हणतो, एवढ्या दूर एकटी कशी जाईल? घरापासून दोन किलोमीटरपेक्षा लांब दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या सहावीच्या मुलांना शासन सायकल देतं. पण सायकल मिळण्यासाठी आधी नाव लागतं, नावासाठी दाखला लागतो, दाखल्यासाठी राज्याच्या नोंदणीतला समग्र आयडी जुळावा लागतो, आणि समग्र आयडीवर नाव एक, आधारवर दुसरं आणि शाळेच्या रजिस्टरात तिसरंच असतं. कुठे आडनावाची वेलांटी ऱ्हस्व, कुठे दीर्घ. कुठे जन्मतारीख १ जुलै, कारण नाव घालताना कुणी नीट विचारलंच नाही. एका वेलांटीपायी मायबापाचे दोन दिवसांचे रोज बुडतात. तिसऱ्या दिवशी ते म्हणतात, जाऊ दे, पुढच्या वर्षी पाहू.

हे 'पुढच्या वर्षी पाहू' तू आमच्या गावातून काढून टाक.

शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यात स्पष्ट म्हटलं आहे की दाखला मागितल्यावर मुख्याध्यापकाने तो लगेच द्यायचा. दाखला यायला उशीर झाला, म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश अडवायचा नाही. वयाचा कागद नाही, म्हणूनही दार लावायचं नाही. हे शब्द प्रत्येक शाळेच्या कार्यालयात बसलेल्या माणसाच्या लक्षात आणून दे. खिडकीपाशी चप्पल काढून, हातात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या मायला 'उद्या या' म्हणण्याआधी त्याची जीभ अडखळू दे. आणि त्या मायला एवढं बळ दे की ती म्हणेल, नाही साहेब, आजच द्या, माह्या पोरीचा हक्क आहे.

५ ऑक्टोबर २०२३ ला आमचा पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यापासून निघून आपल्या पायावर उभे राहिले. साहेबांच्या कचेऱ्या जवळ आल्या. देवा, त्या जवळ येण्याचा पहिला लाभ या लेकरांना मिळू दे. जिल्ह्याच्या ठिकाणी फाइल घेऊन जाणाऱ्या मोठ्या माणसांच्या रांगेत, पाचवीतून सहावीत निघालेल्या एका पोरीचा कागद सगळ्यांत वर ठेवायला तिथल्या कुणाला तरी सुचव.

चौथी सूचना सुट्ट्यांची. १ मेपासून १५ जूनपर्यंत शाळा बंद. मुलं ही सूचना सगळ्यांत आधी पाठ करतात. त्यांचा आनंद तसाच राहू दे. त्यांना कैरीचं पन्हं मिळू दे, आजीच्या हातच्या सरगुंड्या आणि आमरस मिळू दे, वाळत घातलेल्या पापडांवरून कावळे हाकलायचं काम मिळू दे. नदीचं पाणी आटलेलं असेल, तरी वाळूत खड्डा खणून झरा काढण्याचा खेळ त्यांना मिळू दे. कान्हनकडे जाणारी ही आमची जाम त्यांना उन्हाळ्यातही आपली वाटू दे.

पण या दीड महिन्यात त्यांच्यावर तुझी नजर असू दे. दुपारचं ऊन डोक्यावर असताना कठडा नसलेल्या विहिरीवर पोहायला गेलेल्या पोरांना वर काढणारा हात वेळेवर पोहोचू दे. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला, तर धरायला दोर मिळू दे. कडब्याच्या गंजीत, विटांच्या ढिगात साप असेल, तर आधी त्याला वाट दे. ज्या घरी मोबाइल हेच एकमेव खेळणं आहे, त्या घरी एखादा आजोबा गोष्ट सांगायला बसव. बोरगावच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या मायबापांच्या मुलांना दुपारी घरात एकटं राहावं लागतं. त्यांच्या शेजाऱ्यांच्या मनात मायेचा पाझर फोड.

आणि अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर मांडव पडतील, तेव्हा त्या मांडवात आमच्या शाळेतून गेलेली एखादी चौदा-पंधरा वर्षांची पोरगी नवरी म्हणून उभी राहू देऊ नकोस. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत तिच्या कपाळी मुंडावळ्या येऊ नयेत, हा देशाचा कायदा आहे. त्याहून मोठा कायदा तू तिच्या मामाच्या, काकाच्या, आजीच्या मनात लिही. तिच्या मैत्रिणींना बोलायला तोंड दे, आणि त्यांचं ऐकायला आम्हा मोठ्यांना कान दे.

पाचवी सूचना नव्या प्रवेशांची. ज्यांची सहा वर्षं पूर्ण झाली, त्यांना पहिलीत घाला, असं आम्ही गल्लोगल्ली सांगणार आहोत. खासगी शाळेत पहिल्या वर्गातल्या शंभरातल्या पंचवीस जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या आहेत. त्याची सोडत ऑनलाइन निघते, अर्ज भरायला पैसे लागत नाहीत, हेही सांगणार आहोत. ज्याचं नाव सोडतीत निघालं, त्याचं भलं कर. ज्याचं निघालं नाही आणि जो आमच्या सरकारी शाळेत आला, त्याला कधी वाटू देऊ नकोस की आपण उरलेल्यांत आहोत. आमच्या वर्गात आलेलं प्रत्येक लेकरू पहिल्या पसंतीचं आहे, असं आमच्या शिकवण्यातून त्याच्या मायबापाला दिसू दे.

ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांना दिसत कमी, ज्यांच्या पायांत बळ नाही, ज्यांचं मन आपल्या गतीने चालतं, त्यांची नावं मायबाप लाजेपोटी सांगत नाहीत. आम्हाला त्या घरांची वाट दाखव. शाळेच्या पायरीला उतार नाही, हे कारण आमच्या तोंडी येण्याआधी तो उतार बांधून होऊ दे.

नव्या सत्राच्या सुट्ट्यांच्या यादीत आणखी एक दिवस आहे, आणि तो सावरगावला तुझ्यापुढे मांडलाच पाहिजे. श्रावण अमावास्येला पोळा असतो, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या नदीत पळसाचं झाड रोवून, त्यावर झेंडा लावून, इकडून सावरगाव आणि तिकडून पांढुर्णा दगड मारतात. पिढ्यान्‌पिढ्यांची ही गोटमार. चंडिकामातेवर आमची श्रद्धा आहे आणि या परंपरेत गावाचं मन गुंतलेलं आहे, हे तू जाणतोस. पण दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, आजवर अनेकांचे जीव गेले, हेही तू पाहिलं आहेस. त्याच दिवशी साऱ्या वैदर्भीय मुलखात लेकरं तान्हा पोळा साजरा करतात. लाकडाचे नंदी सजवून, दोरी धरून ओढत नेतात, घरोघरी बोजारा मागतात. देवा, आमच्या पहिलीच्या पोराच्या हातात त्या दिवशी नंदीची दोरी असू दे. काठावर उभं राहून बापाच्या डोक्यातून रक्त येताना पाहण्याची वेळ कुठल्याही लेकरावर आणू नकोस. मोठ्यांनी परंपरा कशी सांभाळावी, हे त्यांनाच ठरवू दे. पण ठरवताना त्यांच्या डोळ्यांपुढे शाळेतून घरी येणारी ही पोरं आण. त्यांना आम्ही गणितात मोजायला शिकवतो. त्यांनी जखमा मोजायला बसू नये.

आता जे सूचना लिहितात, त्यांच्यासाठी.

ज्या गुरुजींची यंदा निवृत्ती आहे, त्यांना निरोगी म्हातारपण दे. फळ्याची धूळ त्यांच्या छातीत साचली असेल, ती निघून जाऊ दे. ज्यांची बदली दूर झाली, त्यांना तिथेही अशीच लेकरं मिळू दे. अतिथी शिक्षक दर सत्राला आपण पुढच्या वर्षी असू की नाही, या धास्तीत शिकवतात. त्यांना दोन वेळच्या भाकरीची खात्री दे, कारण मनात भाकरीची चिंता असूनही ते लेकरांना हसवतात, हे आम्ही रोज पाहतो. मतदारयादी, सर्वेक्षण, पोर्टलवरची माहिती या कामांत ज्यांचे शिकवण्याचे दिवस गेले, त्यांना पुढच्या वर्षी वर्गात जास्त वेळ उभं राहू दे. शाळा प्रबंधन समितीच्या मायबापांना सही करण्यापलीकडे विचारण्याचं धाडस दे: पाण्याची टाकी कधी धुतली, शौचालयाला कडी का नाही, पोरगी आठ दिवस का आली नाही.

या वर्षी आमच्या लेकरांपैकी ज्यांनी आई गमावली, बाप गमावला, आजी गमावली, त्यांच्यासाठी आम्ही क्षणभर उभे राहतो. पालकसभेला त्यांच्या मागे उभं राहायला कुणी नव्हतं. देवा, निकालाच्या दिवशी त्यांचा कागद हातात घेणारं कुणी असू दे. कुणीच नसेल, तर आम्ही असू.

आणि आता आमचा शब्द ऐक. तुझ्याकडे एवढं मागून हात झटकून घरी जाणं आम्हाला शोभणार नाही.

प्रत्येक सूचना आम्ही कागदावर लिहू आणि तोंडानेही सांगू, कारण सगळ्या मायबापांना वाचता येत नाही. ती मराठीत सांगू, हिंदीत सांगू, आणि गोंड वस्तीवर तिथल्याच कुणा शिकलेल्या पोराच्या तोंडून गोंडीत सांगू. बाजारात, देवळाच्या ओट्यावर, राशनच्या दुकानाच्या रांगेत सांगू. पाचवी झालेल्या प्रत्येक मुलाचं नाव वेगळ्या वहीत उतरवू, आणि सहावीच्या शाळेतून त्या नावापुढे दाखल झाल्याची खूण येईपर्यंत ती वही बंद करणार नाही. फेरपरीक्षेच्या मुलांना उन्हाळ्यात शिकवू. समग्र आणि आधारच्या चुका दुरुस्त करायला ज्या मायला एकटीला जमत नाही, तिच्याबरोबर आमच्यातलं कुणी जाईल. १६ जूनला शाळा उघडेल, तेव्हा पटावरचं जे नाव हजर नसेल, त्याच्या घरी त्याच आठवड्यात जाऊ. तो संत्र्याच्या बागेत असेल, तर बागेत जाऊ. आईबरोबर नागपूरला बांधकामावर गेला असेल, तर फोन लावू, आणि तिथल्या शाळेचं नाव विचारू. 'नाव घातलं का?' हा प्रश्न विचारायला आम्ही कंटाळणार नाही.

हे सगळं आमच्या ताकदीत आहे, म्हणून ते आम्ही तुझ्यावर टाकत नाही. तुझ्याकडे मागतो ते एवढंच, की आम्ही ज्या दारी जाऊ, ते दार उघडू दे. आत बसलेल्या बापाच्या मनात शंका असेल, ती विरघळू दे. 'पोरीला काय करायचं एवढं शिकून' म्हणणाऱ्या आजीला, तिची नात तिच्याच औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचून दाखवते आहे, हे दिसू दे. आणि दाराआड उभी असलेली ती पोरगी, जिचं दप्तर खुंटीवर लटकलेलं आहे, तिला आमच्या आधी बाहेर यायचा धीर दे.

चालायचं काम आमचं. दार उघडण्याचं काम तू कर, देवा.

असंच होवो.